राखणाऱ्याचा हिशेब

फुटबॉलच्या मैदानावर एका संघाचे अकरा गडी उतरतात खरे. पण त्यांतल्या दहांचा धर्म एक आणि अकराव्याचा निराळा. दहा जण धावतात, चेंडू पायाने खेळवतात, चुकले तर पुन्हा धावून भरपाई करतात. अकरावा दोन खांबांच्या मध्ये उभा असतो. त्याला हात वापरण्याची मुभा आहे, पण चुकण्याची नाही. पुढच्या फळीतल्या गड्याने पाच संधी दवडल्या आणि सहावी साधली, तर लोक त्याला खांद्यावर घेतात. गोलरक्षकाने पाच गोल वाचवले आणि सहावा त्याच्या हातून निसटला, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या सहाव्याचेच छायाचित्र येते. जमाखर्चाच्या वहीत त्याच्यासाठी खर्चाची बाजू तेवढी आखलेली असते. जमेची बाजू कोरीच राहते. जे घडले त्याची नोंद होते; जे त्याने घडू दिले नाही, ते कोणी आणि कोठे लिहावे?

आम्हां बडोदेकरांना ही गोष्ट फुटबॉलवरून शिकण्याची गरज नाही. या गावाने देशाच्या क्रिकेट संघाला किरण मोरे आणि नयन मोंगिया असे दोन यष्टिरक्षक दिले. मोरे ४९ कसोटी सामने खेळले. यष्ट्यांमागे उभे राहून त्यांनी किती झेल टिपले हे विचारले, तर भल्याभल्यांना आठवणार नाही. पण १९९० साली लॉर्ड्सवर ग्रॅहॅम गूच ३६ धावांवर असताना त्यांच्या हातून एक झेल सुटला आणि गूचने पुढे ३३३ धावा काढल्या, हे मात्र ज्याला क्रिकेटचा गंधही नाही तो सुद्धा सांगतो. राखणाऱ्याचा हिशेब जग असा ठेवते.

एवढे प्रास्ताविक केले ते इटलीच्या दिनो झॉफसाठी. गोलरक्षक म्हणून त्याने जगज्जेतेपद मिळवले, पुढे व्यवस्थापक झाला, आणि २००० साली देशाच्या संघाचे व्यवस्थापकपद एका दिवसात सोडून चालता झाला. त्या राजीनाम्याबद्दल अजूनही दोन मते आहेत. कोणी म्हणतात, तो हळवेपणा होता. कोणी म्हणतात, गोलरक्षक हा मुळातच एकलकोंडा, तो माणसे काय सांभाळणार? मला ही दोन्ही मते मान्य नाहीत. का नाहीत, हे सांगायचे तर त्या माणसाची सारी कारकीर्द एकदा डोळ्यांखालून घातली पाहिजे. शेवटचे पान तेवढे वाचून चालणार नाही.

झॉफचा जन्म २८ फेब्रुवारी १९४२ रोजी इटलीच्या ईशान्य टोकाला, फ्रिउली प्रांतातल्या मारिआनो नावाच्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी झाला. हा मुलूख सरहद्दीवरचा. माणसे कष्टाळू आणि मितभाषी. चार शब्दांचे काम दोन शब्दांत करणारी. पोर चौदा वर्षांचे असताना मिलानच्या इंटर आणि तुरिनच्या युव्हेंतुस या दोन्ही नामांकित संघांनी त्याला पारखून परत पाठवले. कारण काय, तर उंची कमी. घरी आजी होती. तिने उपाय काढला तो घरगुतीच: रोज आठ अंडी. अंड्यांचा गुण म्हणा की वयाचा, पाच वर्षांत पोराची उंची ३३ सेंटिमीटरांनी वाढली. मधल्या काळात तो यंत्रदुरुस्तीचे काम शिकला. खेळात नाही जमले तर हाताला धंदा असावा, हा मध्यमवर्गीय शहाणपणा आपल्याकडेच आहे असे नाही.

उदिनेसे संघाकडून इटलीच्या पहिल्या श्रेणीत तो १९६१ साली प्रथम उतरला आणि पहिल्याच सामन्यात फिओरेंतिनाने त्याच्यावर पाच गोल चढवले. त्या काळी चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाच्या आधी बातमीपट दाखवत. हे पाचही गोल पडद्यावर येऊ लागले तेव्हा प्रेक्षकांत बसलेला एकोणीस वर्षांचा झॉफ लाजेने खुर्चीत खाली सरकला, असे सांगतात. दुसरा एखादा असता तर यंत्रशाळेची वाट धरता. हा मांतोव्हाला गेला, तेथे चार वर्षे काढली, मग १९६७ साली नापोलीत आला. एप्रिल १९६८ मध्ये त्याच नापोलीच्या मैदानावर बल्गेरियाविरुद्ध त्याला देशाची जर्सी मिळाली, आणि दोन महिन्यांत इटली युरोपचा विजेता झाला. उपान्त्य सामन्यात रशियाशी बरोबरी झाली म्हणून निकाल नाणे उडवून लावला गेला होता. दैव हा या खेळातला बारावा गडी आहे, हे त्याने लवकर पाहून घेतले.

मोठेपण मात्र लवकर आले नाही. १९७० च्या विश्वचषकात आल्बेर्तोसी खांबांमध्ये उभा होता आणि झॉफ बाकावर. १९७२ साली, तिसाव्या वर्षी, ज्या युव्हेंतुसने त्याला पोरवयात परत पाठवले होते तिनेच त्याला सन्मानाने बोलावून घेतले. तेथे तो अकरा वर्षे राहिला. सहा वेळा देशाचे अजिंक्यपद, दोनदा राष्ट्रीय चषक आणि १९७७ चा युरोपीय महासंघाचा चषक ही त्या वर्षांची कमाई. आणखी एक आकडा मला या सर्वांहून बोलका वाटतो. युव्हेंतुसकडून तो श्रेणीचे ३३० सामने ओळीने खेळला. आज ताप आहे, उद्या पाय दुखतो, ही भाषाच नाही. आपल्याकडे जुन्या देवळांतून नंदादीप सांभाळणारे एखादे घराणे असते. दिवा कोणाच्या ध्यानात येत नाही. विझला तरच गावात चर्चा होते.

१९७२ च्या सप्टेंबरपासून १९७४ च्या जूनपर्यंत देशासाठी खेळताना १,१४२ मिनिटे त्याने एकही गोल होऊ दिला नाही. अखेर म्यूनिकमध्ये विश्वचषकाच्या सामन्यात हैतीच्या एमान्युएल सानों याने तो बांध फोडला. त्या दिवशी इटली ३-१ अशी जिंकली. पण लोकांच्या लक्षात राहिला तो सानोंचा गोल. १९७८ साली अर्जेंटिनात तर दशा याहून वाईट झाली. हॉलंडविरुद्ध दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत ब्राझीलविरुद्ध दोन, असे चार गोल लांबून मारलेल्या फटक्यांवर झाले. झॉफ तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. त्याची नजर अधू झाली आहे, त्याला लांबचा चेंडू दिसत नाही, असे लिहिण्यापर्यंत मजल गेली. त्याने सबबी सांगितल्या नाहीत आणि भांडणही केले नाही. तो परत सरावाला लागला. ही १९७८ ची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

१९८२ साली स्पेनमध्ये तो चाळीस वर्षांचा कर्णधार होता. पोलंड, पेरू आणि कॅमेरून या तिघांशीही बरोबरी करून इटली कशीबशी पुढे सरकली. घरच्या वर्तमानपत्रांनी संघाची इतकी शोभा केली की खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणेच बंद केले. संघाच्या वतीने बोलायचे ते एकट्या कर्णधाराने, असे ठरले. म्हणजे जो माणूस सर्वांत कमी बोलतो त्यालाच मुखत्यारपत्र! मला तरी हा ठराव चुकून झालेला वाटत नाही. ज्याच्या तोंडून अधिक-उणा शब्द जाणार नाही अशा माणसाच्या हातीच घराच्या किल्ल्या देतात.

५ जुलै रोजी बार्सेलोनात ब्राझीलशी गाठ पडली. इटलीकडे ३-२ अशी आघाडी होती आणि सामना संपत आला होता. ब्राझीलच्या ऑस्करने डोक्याने मारलेला चेंडू खाली, खांबाच्या कडेला आला. झॉफ झेपावला आणि त्याने तो गोलरेषेवर दाबून धरला. ब्राझीलचे खेळाडू गोल झाला म्हणून हात वर करू लागले होते. झॉफने चेंडू तेथून हलवला नाही. रेषा ओलांडलेली नाही हे पंचाला दिसावे म्हणून तो तेथेच धरून ठेवला. सबंध कारकिर्दीचे सार मला त्या एका क्षणात दिसते. झेप मोठी होती, यात शंका नाही. पण झेपेनंतरचे ते स्वस्थ राहणे, घाई न करणे, पुरावा हातात घट्ट धरून वाट पाहणे, हे त्याहून मोठे होते. सामन्यानंतर या अबोल माणसाने आपले गुरू एन्झो बेआरझोत यांच्या गालाचे चुंबन घेतले. तेही फ्रिउलीचेच. दोघांनाही अधिक बोलावे लागले नसेल.

११ जुलै रोजी माद्रिदमध्ये पश्चिम जर्मनीला ३-१ असे हरवून इटली जगज्जेती झाली. विश्वचषक जिंकणारा इतका वयस्कर खेळाडू त्यापूर्वी झाला नव्हता. परतीच्या विमानात राष्ट्राध्यक्ष सान्द्रो पेर्तिनी, बेआरझोत, झॉफ आणि काउझिओ यांनी पत्त्यांचा डाव मांडला. खेळ स्कोपोने, म्हणजे आपल्या मेंढीकोटासारखा चौघांचा, दोन जोड्यांचा. मध्ये सोन्याचा चषक ठेवलेला आणि चौघांचे डोळे हातातल्या पानांवर. ते छायाचित्र पुढे इटलीत घरोघरी पोहोचले. पुढच्या वर्षी अथेन्समध्ये हाम्बुर्गच्या मागाथने लांबून मारलेल्या एका गोलावर युव्हेंतुस युरोपच्या विजेतेपदाचा अंतिम सामना हरली, आणि झॉफने बूट खुंटीला टांगले. देशासाठी ११२ सामने, श्रेणीचे ५७०. युरोपीय विजेत्या संघांचा तो चषक तेवढा हाताला लागला नाही तो नाहीच.

आता दुसरा अध्याय. गोलरक्षक व्यवस्थापक म्हणून का चालत नाहीत, याची कारणे सांगणारे पुष्कळ आहेत. तो बाकीच्यांपासून वेगळा सराव करतो, चाली रचण्यात त्याचा भाग नसतो, धावपळीची त्याला सवय नसते, वगैरे. मोठ्या व्यवस्थापकांच्या यादीत गोलरक्षक थोडे आहेत, हेही खरे. पण मला नेहमी वाटते की ही कारणे सांगणाऱ्यांनी एक गोष्ट सोडून दिली आहे. संपूर्ण मैदान समोर ठेवून नव्वद मिनिटे पाहणारा गडी एकच असतो, आणि दुसऱ्याच्या चुकीचे माप स्वतःच्या पदरात घेण्याची सवयही त्या एकालाच असते. बचाव फळीतला गडी घसरतो, मधल्या फळीतला चेंडू गमावतो, पण गोल लिहिला जातो गोलरक्षकाच्या नावावर. व्यवस्थापकाचे काम याहून निराळे काय आहे? तो तर मैदानात पायही ठेवू शकत नाही. आणि हरल्याचा दोष पहिला त्याचा. झॉफला हे नव्याने शिकावे लागले नाही. खांबांमधून उठून तो बाकावर बसला, एवढाच फरक.

ऑलिंपिक संघाला सोलच्या स्पर्धेची पात्रता मिळवून दिल्यावर १९८८ साली युव्हेंतुसने त्याला बोलावले. मदतीला त्याने जुना सहकारी गाएतानो शिरेआ याला घेतले. हा असा बचावपटू की ज्याच्यामुळे गोलरक्षकाला रात्री झोप लागावी. सप्टेंबर १९८९ मध्ये पुढल्या प्रतिस्पर्ध्याचा खेळ पाहून येण्यासाठी शिरेआ पोलंडला गेला आणि तेथे मोटार अपघातात जळून मरण पावला. वय अवघे छत्तीस. ज्या कामासाठी तो गेला होता ते संघाचे काम होते. असे दुःख व्यवस्थापकाने कोठे ठेवायचे? झॉफने संघ उभा ठेवला. त्याच हंगामात युव्हेंतुसने अंतिम फेरीत मिलानला नमवून इटलीचा राष्ट्रीय चषक आणि फिओरेंतिनाला नमवून युरोपीय महासंघाचा चषक, असे दोन चषक जिंकले.

आणि बक्षीस? त्याला निरोप मिळाला. मालकांना नवा, नेत्रदीपक खेळ हवा होता. दोन्ही वर्षी श्रेणीत चौथे येणारा हा गंभीर चेहऱ्याचा माणूस नव्या थाटात बसत नव्हता. गरज सरो, वैद्य मरो. पुढच्या हंगामात नवा व्यवस्थापक आला, पैसा ओतला गेला, आणि युव्हेंतुस सातवी आली. ज्यांनी हा बदल केला त्यांना मी दोष देत नाही. पैसा त्यांचा, संघ त्यांचा. पण हिशेबाची रीत पाहावी. दोन चषक जमेला धरले गेले नाहीत. न दिसलेली चमक तेवढी खर्ची पडली.

झॉफ रोमला लात्सिओकडे गेला. तेथेही त्याने वादळ उठवले नाही, घर सावरले. १९९३ साली लात्सिओ पाचवी येऊन पुष्कळ वर्षांनी युरोपच्या स्पर्धांना पात्र ठरली. इंग्लंडचा गॅस्कॉइन याच काळात त्याच्या हाताखाली होता. सर्कशीतले माकड आणि देवळातला पुजारी एका खोलीत राहावेत, तसा तो संसार, पण निभावला. १९९४ साली त्याला संघाचे अध्यक्ष केले. १९९७ मध्ये व्यवस्थापकाला मध्येच काढावे लागले, तेव्हा अध्यक्षच पुन्हा बाकावर येऊन बसला आणि संघाला चौथे स्थान मिळवून दिले. मानाची खुर्ची सोडून खालच्या कामाला हात घालण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. ज्याला हळवा म्हणतात तो माणूस हा.

१९९८ साली देशाचा संघ त्याच्याकडे आला. २००० च्या युरोपीय स्पर्धेपूर्वी काही दिवस पहिला गोलरक्षक बुफ्फोन याचा हात मोडला. झॉफने बदली म्हणून फ्रांचेस्को तोल्दो याला उभे केले. २९ जून रोजी आम्स्टरडॅममध्ये यजमान हॉलंडशी उपान्त्य सामना झाला. पाऊण तासाच्या आत झांब्रोत्ताला बाहेर जावे लागले, आणि इटलीने जवळजवळ दीड तास दहा गड्यांनिशी किल्ला लढवला. हॉलंडला खेळात दोन पेनल्टी मिळाल्या. एक तोल्दोने अडवली, दुसरी खांबाला लागली. मग बरोबरी फोडण्यासाठी पेनल्ट्या झाल्या, त्यांत तोल्दोने आणखी दोन अडवल्या. १९७० साली स्वतः बाकावर बसून राहिलेला माणूस बदली गोलरक्षकाचे मन जाणत होता, असे मी म्हटले तर ती निव्वळ कल्पना ठरू नये.

२ जुलै रोजी रॉटरडॅममध्ये फ्रान्सशी अंतिम सामना झाला. देल्वेकिओने इटलीला पुढे नेले. देल पिएरोने दोन सोप्या संधी घालवल्या. नव्वद मिनिटे संपली, वाढीव मिनिटांतली शेवटची चालू झाली, इटलीच्या बाकावरचे लोक उभे राहिले. आणि त्या वेळी विल्तोरचा फटका तोल्दोच्या हाताखालून जाळ्यात गेला. जादा वेळेत पहिला गोल करील तो विजयी, असा तेव्हा नियम होता. १०३ व्या मिनिटाला त्रेझेगेने तो केला. कप आणि इटली यांत अवघ्या काही सेकंदांचे अंतर राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी तोंड उघडले. माजी पंतप्रधान, त्या वेळचे विरोधी पक्षनेते, दूरचित्रवाणी वाहिन्यांचे धनी आणि मिलान संघाचे मालक. त्यांचे म्हणणे असे की झिदानवर स्वतंत्र पहारा ठेवायला हवा होता हे हौशी माणसालाही कळले असते, आणि झॉफचे वागणे पदाला न शोभणारे होते. ४ जुलै रोजी झॉफने रोममध्ये पत्रकारांना बोलावून राजीनामा जाहीर केला. सांगितले ते थोडक्यात: आपल्या कामाची सार्वजनिक रीतीने अप्रतिष्ठा झाली आहे, आणि प्रतिष्ठेचे धडे आपण या गृहस्थांकडून घेणार नाही.

माझे एक स्नेही म्हणतात, हे चुकलेच. सार्वजनिक जागेवर बसायचे तर कातडी जाड हवी. विश्वचषकाचे पात्रता सामने दोन महिन्यांवर आले होते; सेनापतीने एका शिवीवरून तंबू सोडला तर फौजेने कोणाकडे पाहायचे? शिवाय टीका सर्वस्वी खोटी होती असे तरी कोठे आहे? झिदान खरोखरच मोकळा खेळत होता. हा युक्तिवाद दुबळा नाही, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे.

पहिली गोष्ट, टीका आणि अधिक्षेप यांत भेद आहे. झिदानला का मोकळे सोडले, हा प्रश्न क्रीडासमीक्षकाने विचारावा, शंभरदा विचारावा. झॉफने असले प्रश्न जन्मभर ऐकले होते. म्हणूनच १९७८ ची गोष्ट ध्यानात ठेवा म्हणून मी वर सांगितले. डोळे गेले आहेत असे ज्याच्याबद्दल लिहिले गेले आणि ज्याने उत्तरादाखल चार वर्षे सराव केला, त्याला टीका सोसत नाही असे कोण म्हणेल? पाच गोल खाऊन मांतोव्हाची वाट धरणारा, दोन चषक देऊन निरोप घेणारा माणूस हा. त्याने सोसले नाही ते एकच: सत्ता, पैसा आणि प्रसारयंत्र हाती असलेल्या माणसाने त्याच्या कामाला नालायक ठरवावे, आणि त्याने मुकाट्याने पगार घेत राहावे. सोसण्याची मर्यादा ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच सोसण्याला किंमत असते. नाहीतर ती नुसती लाचारी.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सामना चालू असताना झॉफने खांब सोडले नाहीत. स्पर्धेपूर्वी त्याच्या संघाबद्दल शंका घेणारे थोडे नव्हते, तेव्हा तो गेला नाही. दहा गडी उरले तेव्हा गेला नाही. स्पर्धा संपली, हिशेब पुरा झाला, किल्ल्या जागेवर ठेवल्या, आणि मग तो उठला. तंबू सोडणे याला म्हणत नाहीत. ज्यांनी संस्थानी कारभार पाहिला आहे त्यांना हा भेद समजावून सांगायला नको. मोहीम अर्धी टाकून जाणारा फितूर. मोहीम संपवून, शिक्के परत करून घरी जाणारा मानी. त्या मानाची किंमत झॉफने स्वतः मोजली, दुसऱ्याच्या खिशातून नाही.

तिसरी गोष्ट निकालाची. त्याच्या जागी त्रापात्तोनी आले, फार मोठा माणूस, युव्हेंतुसमध्ये झॉफचे गुरू. २००२ च्या विश्वचषकात त्यांचा इटली संघ दक्षिण कोरियाकडून त्याच जादा वेळेतल्या निर्णायक गोलाने हरला. त्यावरून त्रापात्तोनी नालायक ठरतात काय? नाही. ठरते एवढेच की शेवटच्या क्षणी चेंडू कोठे जाईल हे बाकावर बसलेल्या कोणाच्याच हाती नसते.

झॉफ व्यवस्थापकांतला सर्वश्रेष्ठ होता असा माझा दावा नाही. त्याने नवी पद्धत काढली नाही, शिष्यांचा संप्रदाय स्थापला नाही. त्याच्या संघांत कधीकधी जास्तच सावधपणा असे. रॉटरडॅमला तोच नडला असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण ज्या ज्या घरात तो गेला ते घर त्याने मोडू दिले नाही. त्याचे शेवटचे मोठे काम २००५ चे. फिओरेंतिना श्रेणीतून खाली घसरण्याच्या बेतात असताना जानेवारीत त्याला बोलावले, आणि अखेरच्या दिवशी ब्रेशियाला ३-० ने हरवून त्याने संघ वाचवला. पहिल्या सामन्यात ज्या फिओरेंतिनाने त्याला पाच गोलांनी लाजवले होते, तिलाच त्याने तेसष्टाव्या वर्षी तारले. वाचवल्याबद्दल मात्र चषक मिळत नाही.

या गावात आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज राखण्याच्याच कामावर आले. कोणी दप्तर सांभाळले, कोणी कोठी, कोणी खजिना. मुलूख जिंकणाऱ्यांचे पोवाडे झाले. दप्तरातला एक कागद गहाळ होऊ न देणाऱ्यांचे झाले नाहीत, आणि त्यांनी तशी अपेक्षाही धरली नाही. मात्र भर दरबारात कोणी त्यांच्या सचोटीवर बोट ठेवले, तर पागोटे उतरवून ठेवण्याइतका ताठपणा त्यांच्यात होता. घरोघरच्या वृद्धांकडून असल्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. म्हणून फ्रिउलीच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने रोममध्ये काय केले, हे समजायला आपल्याला फुटबॉलचे नियम पाठ असण्याची गरज नाही.

१९८२ च्या विजयानंतर इटलीच्या टपाल खात्याने एक तिकीट काढले. चित्र रेनातो गुत्तुझो या नामवंत चित्रकाराचे. विजयी संघात गोल करणारे होते, पाओलो रोस्सीने तर त्या स्पर्धेत सहा केले होते. गुत्तुझोने तिकिटावर काढले ते चषक उंचावणारे झॉफचे हात. कोऱ्या राहणाऱ्या त्या जमेच्या बाजूला कोणीतरी एक नोंद करून ठेवली, याचे मला समाधान वाटते.